अकरा-एक

शनिवार, रात्री उशिरा

पोरगं आइस हॉकीत गोली, म्हणजे गोलकीपर. आज पुन्हा हरून आलं. पॅड सोडता सोडता पहिलं वाक्य, "बाबा, डिफेन्सला कुणी खेळतच नव्हतं." खोटं नाही ते. काचेमागून मीही पाहत होतो. गोलासमोर त्यांचा खेळाडू मोकळा आणि आमचे दोघे गोलापासून लांब, निळ्या रेषेपाशी गप्पांना उभे राहिल्यासारखे. पण दुसरा गोल झाला तेव्हा हा पार जाळ्याला चिकटून उभा होता. चार पावलं पुढे येऊन कोन कमी करायचा, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्याबद्दल चकार शब्द नाही.

मॉन्ट्रियलमध्ये हरणाऱ्या संघाच्या गोलीबद्दल बोलायला लागलं की लोक २ डिसेंबर १९९५ वर येतातच. ऑफिसातला माझा क्यूबेकी सहकारी तर ती रात्र घरातली भांडणं सांगावीत तशी सांगतो. इथल्या संघाचा, कॅनेडियन्सचा, हंगाम पहिल्यापासून गडगडलेला. ऑक्टोबरातच मॅनेजर आणि कोच दोघांना घरी पाठवलेलं. नवा कोच मारिओ त्रांब्ले, कोचिंगचा अनुभव शून्य. त्या रात्री डेट्रॉइटच्या संघानं फोरमवर, म्हणजे आमच्याच घरच्या मैदानात, ११-१ धुतलं. आमचा गोली पॅट्रिक रुआ, त्याच्यावर २६ फटके आले, नऊ आत गेले. नववा जाईपर्यंत त्रांब्लेनं त्याला बाहेर काढलं नाही. मधेच एक साधा फटका अडवला तेव्हा प्रेक्षकांनी खवचट टाळ्या वाजवल्या, आणि रुआनं दोन्ही हात वर करून त्या स्वीकारल्या. बाहेर आल्यावर तो कोचसमोरून तरातरा गेला आणि बाकामागे बसलेल्या क्लबच्या अध्यक्षांना सांगून टाकलं, मॉन्ट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना. चार दिवसांत तो कोलोरॅडोच्या संघात. पुढच्या जूनमध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्यांच्याकडे.

१९९३ चा कप ज्यानं जवळजवळ एकट्याच्या खांद्यावर आणला, सलग दहा ओव्हरटाइम सामने जिंकून दिले, त्याला असं उभं ठेवणं हा कोचचाच गुन्हा. रुआ निघून गेला त्याचंही मला काही वाटत नाही. मला खटकतात ते वर केलेले हात. त्याच्यापुढे बर्फावर पाच जण अजून खेळत होते. त्या एका क्षणात सामना फक्त त्याचा आणि प्रेक्षकांचा झाला. पोराचं वाक्यही त्याच जातीचं, म्हणून मला टोचलं असावं.

आणि रुआला निदान जायला दुसरा संघ होता. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या हॉकी फायनलला, आपल्या मैदानी हॉकीत, पाकिस्तानकडून ७-१ हरलो, तेव्हा मीर रंजन नेगी कुठे जाणार होते? डिफेन्स कुणाच्या लक्षातही राहिला नाही, गद्दार ठरला तो गोलकीपर. तोच माणूस १९९८ ला बँकॉकमध्ये भारताच्या गोलकीपरांना शिकवत होता, आणि बत्तीस वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आलं.

सोमवारी सहकाऱ्याला ही गोष्ट सांगणार आहे. अकरा-एकचं त्याला फार कौतुक, सात-एकवर काय म्हणतो बघू.