जात्याचा खुंटा

मंगळवार, रात्री अकरा. क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया.

वर्ग संपल्यावर आज लगेच घरी निघवेना. पार्किंगमध्ये गाडीत नुसती बसून राहिले. घरी जाऊन कुकर लावला की डोक्यातलं सगळं विरून जाईल, अशी भीती वाटत होती.

डी अँझा या इथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजसमोरून मी एकोणीस वर्षं भाजी आणायला जातेय. आत जायला मात्र वयाची एकोणपन्नाशी उजाडली. इथल्या रहिवाशाला युनिटमागे, म्हणजे कोर्स मोजायच्या मापामागे, ३१ डॉलर फी. माझा ह्युमॅनिटीजचा, म्हणजे साहित्य-कला-इतिहासाचा कोर्स चार युनिटचा, म्हणजे १२४ डॉलर आणि वर किरकोळ काही. अर्ज भरताना दहावीचे मार्क कुणी विचारले नाहीत. मला ते फार लागलं, कारण भोरला असताना त्याच मार्कांमुळे माझं मराठी सुटलं. ८४ टक्के मिळालेली मुलगी आर्ट्सला कशी जाईल? वडिलांनी रागानं नाही, काळजीनंच कॉमर्सचा फॉर्म भरला. पुढे हिशेबाच्या नोकऱ्या केल्या, चांगल्या केल्या. पण साहित्य शिकायची इच्छा आत तशीच होती.

वर्गात माझ्या शेजारी नर्सिंग करणारी मुलगी बसते, रात्रपाळी करून थेट येते. पलीकडे सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. बाकी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. दोन वर्षं इथे करून युनिव्हर्सिटीला ट्रान्सफर घ्यायची, म्हणजे निम्म्या डिग्रीचा खर्च वाचतो, हा त्यांचा हिशेब. त्यांच्या दृष्टीनं ह्युमॅनिटीजचा कोर्स म्हणजे ट्रान्सफरच्या यादीतला एक रकाना. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. आता नाही वाटत. रकाना भरायला आलेल्याच एका मुलानं आज सगळा वर्ग स्तब्ध केला.

विषय होता एंजल आयलंड. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं बेट. १९१० ते १९४० तिथे स्थलांतरितांची चौकी होती. चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा १८८२ चा. त्यामुळे बोटीतून उतरलेल्या चिनी माणसाला तिथे डांबून ठेवत आणि उलटतपासणी घेत. तुझ्या गावच्या घराला पायऱ्या किती? शेजारी कोण राहतं? तांदळाचा डबा कुठे ठेवता? उत्तर नातेवाइकाच्या उत्तराशी जुळलं नाही, तर परत पाठवणी. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत शहरातले जन्मदाखले जळाले होते. मग इथेच जन्मलो, नागरिक आहोत, असं सांगणाऱ्याला खोटं ठरवता येईना; आणि नागरिकाच्या मुलांना आत येता यायचं, म्हणून कित्येक जण कागदावर दुसऱ्याचेच मुलगे होऊन यायचे. परक्या घराच्या पायऱ्या पाठ करून.

अडकलेल्या लोकांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. चौकीवाल्यांनी वरून लांबी भरली, रंग दिला. १९७० मध्ये बराकी पाडायचं चाललं होतं, तेव्हा अलेक्झांडर वाइस नावाच्या पार्क रेंजरला भिंतीवर अक्षरं दिसली. दोनशेहून जास्त कविता सापडल्या आहेत. बहुतेकींखाली नाव नाही.

तो मुलगा त्यातल्या एका कवितेचं भाषांतर वाचत होता. मध्येच थांबला आणि म्हणाला, माझे पणजोबा असेच आले. आमचं आडनाव आमचं नाही. पुढे काही बोलला नाही. प्रोफेसरही बोलल्या नाहीत, थोडा वेळ तशीच शांतता राहू दिली त्यांनी. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

मग त्यांनी गुरुवारसाठी काम दिलं: आपल्या घरातलं, नाव नसलेलं काव्य शोधा. मला पहिल्यांदा आजीचा हात दिसला, खुंट्यावरचा. बांगड्या कोपराकडे सरकवून ती पहाटे दळायला बसायची आणि ‘पहिली माझी ओवी’ म्हणून सुरू करायची. सासरचा जाच, भावाची वाट, पंढरी, सगळं त्यात असायचं. आम्ही पोरं तिला म्हणायचो, आजी झोपू दे ना. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आमच्या आजीच्या किती गेल्या, ते कोण मोजणार? साहित्य म्हणजे पुस्तकात छापलेलं, असं मी समजत होते, आणि साहित्यच शिकायला मिळालं नाही म्हणून हळहळत होते. ते रोज पहाटे उशाशी गायलं जात होतं, आणि मी कानावर गोधडी ओढून घेत होते. हे आठवून आज गाडीत रडू आलं.

नऊ वाजता मावशीला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ. म्हटलं, मावशी, आजीच्या ओव्या सांग, मी लिहून घेते. तिनं एक सुरू केली, दुसऱ्या ओळीला अडली. परत सुरू केली, परत तिथेच.

“दळाया बसल्याबिगर न्हाई गं आठवायच्या,” ती म्हणाली. “हात फिरला की तोंडातनं येतं ते.”

जातं अजून आहे, तुळशीपाशी पालथं पडलंय. खुंटा कुजून गेलाय. मावशी म्हणाली, सुताराकडून बाभळीचा नवा करून घेते, शनिवारी जोंधळं घेऊन बसते, तू फोन चालू ठेव.

प्रोफेसरना आत्ताच मेल लिहिली, गुरुवारऐवजी सोमवारी दिलं तर चालेल का. कारण लिहिताना ‘खुंटा’ला इंग्रजी शब्द सुचेना. तसाच लिहिला.