१८ नॅनोहेन्री

फट् असा आवाज झाला तेव्हा लॅपटॉपवर तोच हाफ ब्रिज, म्हणजे एकावर एक जोडलेल्या दोन मॉसफेट स्विचचं सर्किट, एलटीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये बिनबोभाट चालत होता. गेटवर स्वच्छ १५ व्होल्ट, २०० नॅनोसेकंदांचा डेड टाइम, म्हणजे दोन्ही स्विच बंद असण्याचा वेळ. टेबलावर मात्र दोन्ही मॉसफेट शॉर्ट आणि त्यांचे गेट चालवणाऱ्या चिपला, गेट ड्रायव्हरला तडा. ३० व्होल्टवर, हलक्या लोडला हाच बोर्ड तासभर चालला होता. ४८ व्होल्ट, २० अँपिअरला लगेच उडाला.

"डेड टाइम वाढव," सहकारी म्हणाला. नुसता तो वाढवला असता तर आणखी दोन मॉसफेट गेले असते.

नवे भाग बसवून मी पुन्हा ३० व्होल्टवर आलो, लोड १० अँपिअर. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाला छोटी स्प्रिंग लावली, कारण लांब वायर स्वतःचंच रिंगिंग, म्हणजे थरथर, दाखवते. वरचा मॉसफेट बंद होताच स्विच नोड, म्हणजे दोन मॉसफेटमधला सांधा, शून्यावर न थांबता ९ व्होल्ट खाली जात होता. लोडच्या कॉइलमधला करंट थांबत नाही, तो खालच्या मॉसफेटच्या डायोडमधून वाट काढतो आणि त्या वाटेवर ट्रॅकचं, मॉसफेटच्या पायांचं इंडक्टन्स असतं, ते करंटच्या बदलाला विरोध करतं. १० अँपिअरचा बदल २० नॅनोसेकंदांत आणि खड्डा ९ व्होल्टांचा, म्हणजे १८ नॅनोहेन्री. जेमतेम दोन सेंटिमीटर ट्रॅक! २० अँपिअरला हाच खड्डा १८ व्होल्टांचा होणार.

सिम्युलेशनमध्ये १८ नॅनोहेन्री टाकले. खड्डा दिसला, पण ड्रायव्हरचं आउटपुट जसंच्या तसं. हे मला खटकलं. वरचा गेट चालवायला बूटस्ट्रॅप कपॅसिटर स्विच नोडच्या वर १५ व्होल्ट धरून असतो. नोड उणे १८ वर गेला, की बूटस्ट्रॅपची पिन चिपच्या ग्राउंडखाली ३ व्होल्ट जाते. खऱ्या चिपमध्ये तिथे सबस्ट्रेटचा, म्हणजे चिपच्या सिलिकॉनच्या पायाचा, डायोड चालू होतो आणि वरची बाजू लॅच होऊ शकते, म्हणजे एकाच स्थितीत अडकू शकते.

मग ड्रायव्हरच्या मॉडेलची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. थोडे कंट्रोल्ड सोर्स, डिले, आउटपुटचा रेझिस्टन्स. टायमिंग तपासायला उत्तम. पण ग्राउंडच्या पिनचा बूटस्ट्रॅपच्या पिनशी कुठेच संबंध नाही. पुरवठा कमी पडला की आउटपुट बंद ठेवणारं अंडरव्होल्टेज लॉकआउटसुद्धा नाही! इतके दिवस मी ही फाइल न वाचता वापरत होतो.

ग्राउंडपासून बूटस्ट्रॅपपर्यंत एक डायोड मी हाताने लिहिला आणि रन केलं. नेमक्या त्याच क्षणी त्यातून करंटचा सुळका उठला. लोड १० अँपिअर केला, सुळका गेला. सकाळी बोर्ड तासभर का तगला, तेही त्यातच उलगडलं. मी खुर्चीवरून उठलोच.

सिरॅमिक कपॅसिटर थेट मॉसफेटच्या पायांवर सोल्डर केला, गेट बंद करणाऱ्या वाटेतला रेझिस्टर ४.७ वरून १५ ओहम केला, ग्राउंडपासून स्विच नोडला चटकन चालू होणारा शॉट्की डायोड जोडला. स्विचिंगचा लॉस थोडा वाढला, तो मान्य केला.

संध्याकाळी ४८ व्होल्ट, २० अँपिअर. खड्डा ५ व्होल्टांच्या आत. तासाभराने हात लावून पाहिला, मॉसफेट कोमट होते.