ग्लास ब्यूट्सच्या काळ्या काचेतून लांब पाते: तीन दिवसांच्या प्रवासाचा वृत्तांत

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील बेंड शहरातून वीस क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेला निघाले की पाइनची झाडे मागे पडतात, सेजब्रशची राखाडी झुडपे तेवढी उरतात, आणि सुमारे 77 मैलांवर (124 किलोमीटर) उजव्या हाताला ग्लास ब्यूट्सचे डोंगर दिसू लागतात. सर्वांत उंच माथा 6,388 फुटांचा आहे, पण आजूबाजूचे माळरानच इतक्या उंचीवर आहे की लांबून तो फारसा उंच वाटत नाही. कच्च्या रस्त्याला लागल्यावर मात्र उन्हात जमीन जागोजागी चमकू लागते. ती चमक ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या नैसर्गिक काचेची असते. सिलिकाचे प्रमाण 70 टक्क्यांहून अधिक असलेला घट्ट लाव्हा स्फटिक तयार होण्यापूर्वीच थिजला, तर त्याची अशी काच बनते. येथील लाव्हा सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वीचा आहे.

मी पोर्टलंडजवळ राहतो आणि गेली सहा वर्षे फावल्या वेळात दगडाच्या कपच्या काढून हत्यारे घडवतो. बाणाची छोटी टोके जमू लागल्यावर वीतभरापेक्षा लांब पाते घडवण्याची इच्छा झाली. त्यासाठी दुकानात मिळणारे मुठीएवढे तुकडे उपयोगाचे नसतात, मोठा आणि निर्दोष दगड स्वतः खणून काढावा लागतो, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस एका मित्राला आणि ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो त्या सत्तरीतल्या गुरुजींना घेऊन येथे आलो. येथे ‘पाते’ हा शब्द मी कारागिरांच्या अर्थाने वापरतो आहे. पुरातत्त्वात गाभ्यापासून, म्हणजे ज्यातून कपच्या काढतात त्या मूळ दगडापासून, एकाच घावात सुटलेल्या लांब, समांतर कडांच्या कपचीला पाते म्हणतात. आम्हाला घडवायचे होते ते दोन्ही अंगांनी कपच्या काढून पातळ केलेले, सुरीसारखे लांब पाते. वायव्य कॅलिफोर्नियातील हूपा, यूरोक आणि कारूक या मूळनिवासी लोकांच्या पांढऱ्या हरणाच्या कातड्याच्या नृत्यात अशीच मोठमोठी पाती मिरवली जातात, आणि ती कापण्यासाठी नसून घराण्याचे धन व प्रतिष्ठा म्हणून जपलेली असतात. त्यांची छायाचित्रे पाहिल्यावर माणसाच्या हातून इतका लांब आणि इतका पातळ दगड न मोडता घडू शकतो, यावर प्रथम विश्वास बसत नाही.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच पक्क्या कराव्यात. येथील बरीच जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाकडे आहे, आणि स्वतःच्या वापरासाठी दरडोई वर्षाला 250 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 113 किलो दगड विनामूल्य नेता येतो. मात्र खणायचे ते हातांनी, फावडे आणि कुदळ एवढ्यानेच. काही भागांवर खासगी हक्क आहेत, म्हणून विभागाच्या कार्यालयातून ताजा नकाशा घेऊन आणि चालू नियम विचारूनच निघावे. डोंगरावर पाणी, शौचालय, पेट्रोल यांपैकी काहीही नाही आणि मोबाइलचा भरवसा धरता येत नाही. टाकी बेंडमध्येच पूर्ण भरावी, दरडोई दिवसाला किमान पाच लिटर पाणी न्यावे, आणि ब्रदर्स येथील विश्रांतिस्थळी थांबून घ्यावे, कारण पुढे तशी सोय नाही. वसंतात चिखल असतो, उन्हाळ्यात वणव्यामुळे शेकोटीवर बंदी येते; मेअखेर आणि सप्टेंबर हे काळ मला सोयीचे वाटतात, पण मेमध्येही आमच्या तंबूवर पहाटे दव गोठलेले होते.

टायरविषयी वेगळे सांगायला हवे. रस्त्याच्या मातीतच काच मिसळलेली आहे. पहिल्याच संध्याकाळी आमच्या गाडीचे मागचे चाक बाजूने फाटले. रुंदी जेमतेम बोटाएवढी असलेली एक कपची रबरात रुतून बसली होती, आणि ती पक्कडीने ओढताना माझा हातमोजाही कापला गेला. जवळ एकच जादा चाक असल्याने पुढचे दोन दिवस आम्ही गाडी हलवण्याचे धाडस केले नाही आणि दगड अर्धा मैल पाठीवरून वाहिले. दोन जादा चाके न्यावीत, किंवा गाडी पक्क्या जागी ठेवून चालत जावे.

दगड निवडण्यात आमचा पूर्ण दीड दिवस गेला, आणि तो वाया गेला असे मी मुळीच म्हणणार नाही. वर पडलेले तुकडे दिसायला सुंदर असतात, पण वर्षानुवर्षांच्या थंडी-उन्हाने त्यांना आतून बारीक तडे गेलेले असतात. चांगला दगड दोन-तीन फूट खाली, ओलसर मातीत मिळतो. तो बाहेर काढला की आधी पाण्याने धुवावा, मग गारगोटीने हलकेच ठोकून आवाज ऐकावा. निर्दोष दगड चिनी मातीच्या भांड्यासारखा खणखणतो, तडा असलेला बद्द वाजतो. गुरुजी प्रत्येक दगड चार ठिकाणी वाजवत आणि डोळे मिटून ऐकत. मला ज्यात काहीच दोष दिसत नव्हता असे सात दगड त्यांनी बाजूला सारले. त्यांतला एक मी हट्टाने फोडून पाहिला, तेव्हा तो आतल्या जुन्या तड्यावरच दुभंगला.

येथे काळ्याखेरीज महोगनीसारखी तांबूस, सोनेरी झाक असलेली, चंदेरी आणि इंद्रधनुषी काचही मिळते. झाक असलेल्या दगडात लाव्हा वाहताना पडलेले थर असतात, आणि पात्याचा सपाट भाग त्या थरांना जवळजवळ समांतर आला तरच रंग खुलतो. म्हणून पहिला घाव घालण्यापूर्वी ओला दगड उन्हात फिरवून थरांची दिशा खडूने आखून घ्यावी. लांब पात्यासाठी मात्र मी नवख्यांना साधा काळा दगडच सुचवेन, कारण रंगाच्या मोहापायी माणूस दगडातला दोष डोळ्यांआड करतो.

आम्ही अखेर सुमारे 12 किलोचा एक दगड निवडला. तो मऊ मातीवर टेकवून, अडीच किलोच्या ग्रॅनाइटच्या गोट्याने कडेवर घाव घातला आणि जवळपास 40 सेंटिमीटर लांब, साडेचार किलो वजनाचा ढलपा सुटला. काचेत घाव शंकूच्या आकारात पसरतो, म्हणूनच सुटलेल्या भागावर शिंपल्यासारख्या लहरी उमटतात. ढलपा किंचित वक्र असेल तर चालतो, पण त्याची जाडी सगळीकडे सारखी असावी. एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ असलेला ढलपा लांब पात्यासाठी घेऊ नये.

यानंतरचे काम सावकाशीचे आहे. डाव्या मांडीवर जाड चामड्याच्या दोन घड्या, त्यावर ढलपा, आणि उजव्या हातात मूस या मोठ्या हरणाच्या शिंगाचा ठोकळा. कडेवर थेट घाव घातला तर कड चुरते आणि कपची अर्ध्यावर तुटून पायरी पडते. त्यासाठी आधी कड खरखरीत वालुकाश्माने घासून बोथट करायची, ती पात्याच्या मध्यरेषेच्या थोडी खाली आणायची, आणि मगच घाव घालायचा. कपची नेहमी उंचवट्याच्या रेषेने धावते. जेथून ती न्यायची तेथे आधी उंचवटा तयार करून ठेवावा लागतो. महाराष्ट्रातील वाचकांना इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत सापडलेली कॅल्सेडनी या क्वार्ट्झच्या दगडाची पाती ठाऊक असतील. गाभ्यावर आधी मुद्दाम धारेसारखा उंचवटा काढून त्याच्या आधाराने पहिले पाते सोडवण्याची त्या कारागिरांची रीत याच नियमावर चालत असे. त्याहून कितीतरी आधी, प्रवरेकाठच्या नेवाशाजवळ चिरकी येथे, ज्वालामुखीजन्य डोलेराइट आणि बेसॉल्टचे मोठे ढलपे काढून हातकुऱ्हाडी व रुंद धारेच्या फरशी-कुऱ्हाडी घडवल्या जात होत्या. आपल्या काळ्या पाषाणात काचेसारखा सरळ घाव धावत नाही, हे हाताने अनुभवल्यावर त्या लोकांविषयीचा माझा आदर फार वाढला आहे.

माझ्या हिशेबाने दहा मिनिटांच्या कामात नऊ मिनिटे घासण्याची आणि एक मिनिट घावांचे असते. पहिला ढलपा मी याच बाबतीत घाई करून गमावला. पाते 35 सेंटिमीटर लांब आणि बऱ्यापैकी पातळ झाले होते, टोकाजवळ एक गाठ उरली होती, आणि ती काढण्यासाठी मी टोकावरच घाव घातला. आवाज अगदी लहान झाला. घाव टोकावर बसला होता, पण पाते मधोमध आडवे मोडले. लांब पात्याच्या टोकावर घाव बसला की कंपन सगळ्या लांबीभर धावते, आणि मधला भाग आधाराविना असेल तर तेथेच ते मोडते. गुरुजींनी दोन्ही तुकडे हातात घेतले, मोडलेल्या जागेवरून अंगठा न फिरवता नुसते पाहिले आणि विचारले, “मांडी कुठे होती?” मांडीचा आधार खरोखरच एका बाजूला सरकलेला होता. टोकाकडची गाठ बाजूच्या कडेवरून, तिरप्या घावांनी काढावी, आणि पाते चामड्यावर पूर्ण लांबीने टेकलेले आहे याची प्रत्येक घावापूर्वी खात्री करून घ्यावी.

दुसऱ्या ढलप्यावर मी बराच वेळ बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी 31 सेंटिमीटर लांब, 8 सेंटिमीटर रुंद आणि सर्वांत जाड ठिकाणी 16 मिलिमीटर असे पाते तयार झाले. एवढ्या मोठ्या ढलप्यापैकी अर्ध्या किलोपेक्षाही कमी दगड उरला होता.

सुरक्षेत तडजोड करू नये. डोळ्यांवर बंद चष्मा, जाड तळाचे बूट, लांब बाह्यांचे कपडे आणि चामड्याचे हातमोजे हवेतच. कड घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते, म्हणून चांगला मास्क लावून वाऱ्याकडे पाठ करून बसावे आणि तंबूत किंवा बंद खोलीत हे काम कधीही करू नये. ऑब्सिडियनची ताजी धार पोलादी शस्त्रापेक्षा बारीक असते. या कलेचे आधुनिक काळातील थोर जाणकार डॉन क्रॅबट्री यांनी 1975 मध्ये स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी आपणच घडवलेली पाती वापरायला दिली होती. अशी जखम होताना कळतही नाही, रक्त दिसल्यावरच समजते. प्रथमोपचाराची पेटी हाताशी असावी, गाडीत नव्हे.

शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा प्रदेश उत्तर पायूट लोकांचा आहे आणि त्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे येथून दगड नेला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सुमारे 4,000 किलोमीटर दूर, ह्युरॉन सरोवराच्या तळाशी सापडलेल्या दोन कपच्या याच मध्य ऑरेगनच्या परिसरातील ऑब्सिडियनच्या आहेत. येथे जुनी हत्यारे आणि जुन्या कपच्या आजही पडलेल्या दिसतात. ताज्या काचेच्या चकाकीऐवजी त्यांच्यावर मंद, धुरकट पापुद्रा असतो. त्या उचलणे कायद्याने गुन्हा आहे, आणि उचललेली कपची मूळ जागेची साक्ष कायमची गमावते. नव्या कपच्या तेथे टाकून येणेही तितकेच नुकसानीचे आहे. आम्ही ताडपत्रीवर बसून काम केले, सगळा चुरा दोन बादल्यांत भरून घरी आणला आणि परसात खड्डा करून पुरला. खड्ड्याच्या तळाशी चालू वर्षाचे नाणे ठेवले आहे. पुढे कोणी तेथे खणले, तर या कपच्या कोणत्या काळातल्या हे त्याला लगेच कळेल.