सहायक लोक अभिरक्षक पदापर्यंतचा माझा अनुभव

एलएलएम झाल्यावर माझ्या बहुतेक वर्गमैत्रिणी न्यायाधीशाच्या परीक्षेच्या तयारीला लागल्या. मला बचाव पक्षाचं फौजदारी काम करायचं होतं, आणि तेही ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी. येरवडा आणि नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहांत कच्च्या कैद्यांसाठी काम करायला दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातला एक प्रकल्प तरुण वकिलांना फेलो म्हणून घेत असे, हे मला ठाऊक होतं. पण घरच्या आजारपणामुळे जिल्हा सोडणं शक्य नव्हतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची लोक अभिरक्षक कार्यालयासाठी, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींना मोफत बचाव वकील देणाऱ्या कार्यालयासाठी, जाहिरात निघाली, तेव्हा मी लगेच अर्ज केला.

नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, ही योजना २०२२ची. आधी मोफत वकील म्हणजे पॅनेलवरचा वकील. त्याला प्रकरणामागे तुटपुंजं मानधन मिळायचं आणि स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून तो ही कामं करायचा. लोक अभिरक्षक कार्यालयात मुख्य, उपमुख्य आणि सहायक असे पूर्णवेळ वकील असतात. त्यांना महिन्याचं ठरलेलं मानधन मिळतं आणि खासगी केस घ्यायला मनाई असते. मुख्य पदासाठी किमान दहा वर्षांची फौजदारी प्रॅक्टिस लागते. सहायकासाठी शून्य ते तीन वर्षं चालतात, म्हणून नवीन मुलामुलींनी या पदाकडे जरूर पाहावं. खासगी केस बंद ही अट अनेकांना जाचक वाटते. मला तीच या योजनेची खरी ताकद वाटते.

अर्जाचं काम सोपं होतं. सनद, गुणपत्रिका, ज्या सीनियरकडे काम केलं त्यांचं पत्र आणि मी स्वतः लिहिलेल्या जामीन अर्जांच्या प्रती जोडल्या. तयारी मात्र मन लावून केली. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७८चा निकाल पुन्हा वाचून काढला. कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, अपिलासाठी वकील नसेल तर तो दिला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं. मग हुसैनारा खातून आणि सुक दास हे मोफत विधी सहाय्यावरचे निकाल, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७चं कलम १२. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळताना त्याचं उत्पन्न पाहिलं जात नाही, हे या कलमातून कळतं. आणि ते पुष्कळ वकिलांनाही माहीत नसतं!

निवड समितीचे अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश असतात. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "आरोपी तुम्हाला एकांतात म्हणाला, मॅडम, मीच मारलं. मग?" मी म्हणाले, "सर, ते माझ्यापाशीच राहील. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ने मी बांधलेली आहे. तो तिथे नव्हताच असा खोटा बचाव मी उभा करणार नाही. पण गुन्हा शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. पंचनामा, जप्ती, वैद्यकीय पुरावा मी तपासून घेईन. हा खून की सदोष मनुष्यवध, हेही पाहावं लागेल." त्यांनी मान डोलावली नाही की नापसंतीही दाखवली नाही, थेट पुढचा प्रश्न टाकला. जामीन मंजूर झालाय, पण माणूस अजून आतच आहे, काय कराल? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेले निर्देश मी सांगितले. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं.

राज्य प्राधिकरणाची मंजुरी आल्यावर नेमणूक पक्की झाली. करार सुरुवातीला दोन वर्षांचा आणि दर सहा महिन्यांनी कामाचं मूल्यमापन.

मुलाखतीतला तो दुसरा प्रश्न लवकरच एका मुलाच्या रूपाने समोर आला. ऊसतोड मजुराचा मुलगा, मोबाइल चोरीचा गुन्हा, १५,००० रुपयांचा जामीन मंजूर. पण जामीनदार म्हटला की सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते. आईवडील कोयत्यावर कर्नाटकात गेलेले, गावातलं घर चुलत्याच्या नावावर, आणि चुलता उभा राहायला तयार नाही. कागदोपत्री सुटलेला मुलगा बराकीतच होता. मी कारागृहातून त्याच्या दाखल्याची प्रत घेतली, घरची परिस्थिती शपथपत्रावर मांडली आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडण्यासाठी अर्ज केला. मंजूर होऊन जामीनदार आणायला मुदतही मिळाली.

आई आली ती थेट फडावरून, हाताला उसाच्या पाचटाचे चरे. म्हणाली, "ताई, पैसं न घेता कोन वकील लढतंय? खरं सांगा, तुमी पोलिसांकडच्या तर न्हाई?" यात तिचा दोष नाही. शिक्षा मागणारा वकील आणि आपली बाजू मांडणारी वकील, दोघांनाही सरकारच पैसे देतं, मग विश्वास कशावर ठेवायचा? मी तिला बाकावर बसवलं, पोराची फाइल उघडली आणि एकेक कागद वाचून दाखवला. "मावशी, यातलं कोणतंही पान मी पोलिसांना देणार नाही," असं सांगितलं. मग ती जरा मोकळी झाली आणि घटनेच्या दिवशी पोरगा कुठे होता ते सांगू लागली. ते दोषारोपपत्रात कुठेच नव्हतं. उलटतपासणीला तेच उपयोगी पडणार आहे.

अर्ज करणाऱ्यांनी मुलाखतीआधी काही दिवस रिमांड कोर्टात मागच्या बाकावर बसावं. नव्याने अटक झालेल्या किती जणांना कोणीतरी विचारतं, "तुम्हाला वकील आहे का?" आणि त्यातल्या किती जणांना प्रश्न कळतो, ते पाहावं. कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रालाही परवानगी काढून भेट द्यावी. समितीपुढे मला सर्वांत जास्त उपयोग याच दोन गोष्टींचा झाला.