बारसूची फाइल आणि 'त्रयस्थ पक्ष' : माझा अनुभव

एप्रिल 2023 ला बारसूच्या सड्यावर तेल रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, बायामाणसं रस्त्यावर आडवी झाली आणि मी भांडुपला घरात बसून मोबाईलवर ते बघत होतो. झोपच येईना. आमचं गाव राजापूर तालुक्यातलं, आंबा-काजूची कलमं तिथेच. याच रिफायनरीसाठी आधी काढलेली नाणारची अधिसूचना 2019 ला रद्द झाली आणि जानेवारी 2022 ला मुख्यमंत्र्यांनी केंद्राला लिहिलेल्या पत्रात नवी जागा म्हणून बारसू आलं, मधल्या काळात रिफायनरी कंपनी आणि सरकारात काय लिहापढी झाली ते गावाला कळायला नको? म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला.

10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पोच घेतली, झालं.

महिना संपता संपता उत्तर आलं, एका ओळीचं. माहिती त्रयस्थ पक्षाची, म्हणजे अर्जदार आणि ऑफिस सोडून तिसऱ्याच कोणाची आहे, देता येत नाही. अहो पण त्रयस्थ कोण? या प्रकल्पात निम्मा वाटा इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचा, तिन्ही सरकारी! म्हणजे सरकारच सरकारच्या आड लपणार आणि जमीन जाणार आमची. तीनदा हाफ डे टाकून अर्ज दिलेल्या ऑफिसात गेलो, कधी साहेब मीटिंगला, कधी फाइल वर गेलीये, एकदा तर पोचेवरचा नंबरच रजिस्टरला सापडेना. लोकलमध्ये उभा राहून परत येताना डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो.

शेवटी ओळखीच्या एका वकील ताईंनी माहिती अधिकार कायद्याचं कलम 11 वाचून दाखवलं. कायद्यात सरकारी कंपनीसुद्धा त्रयस्थ पक्ष धरता येते, पण 5 दिवसांत तिला नोटीस पाठवावी लागते, तिला म्हणणं मांडायला 10 दिवस मिळतात, आणि तिने नको म्हटलं तरी निर्णय माहिती अधिकाऱ्यालाच घ्यावा लागतो. 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, सुनावणीत एवढंच म्हणालो, नोटीसची कॉपी दाखवा. नव्हतीच! पाठवलीच नव्हती.

आणि हो, अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लिहा, महाराष्ट्राचा नियम आहे, नाहीतर तेच कारण देऊन परत करतील. नकार आला की 30 दिवसांत अपील करा, माझे जवळजवळ गेलेच होते चकरांमध्ये.

आदेश निघाला, फाइल बघायला मिळाली. पहिला तास फुकट असतो. हव्या त्या पानांच्या कॉप्या 2 रुपये दराने काढल्या आणि त्याच रात्री गावी भावाला पाठवल्या.