काशाच्या तबकडीचा फोटो आहे का कुणाकडे?

स्मरणिकेसाठी शाळेच्या घंटेचे जुने छायाचित्र शोधायचे काम समितीने माझ्यावर टाकले. कपाटातून संमेलनांचे, पाहुण्यांचे, हारतुऱ्यांचे फोटो गठ्ठ्याने निघाले. घंटेचा एकही नाही. निदान तशीच दुसरी मिळते का बघू, म्हणून स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांचे ऑनलाइन संग्रह उघडून बसलो.

तिथे रॅफल्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या जावा बेटावरील १८१७ च्या ग्रंथातले गामेलान या तिथल्या पारंपरिक वाद्यवृंदातल्या वाद्यांचे चित्र सापडले. देखणे आहे, पण जावाच्या गाँगला, म्हणजे ठोकून वाजवायच्या धातूच्या तबकडीला, मधोमध उंचवटा असतो. आपल्या शाळेची घंटा म्हणजे काशाची सपाट तबकडी. तिचे नाते जुळते ते बाबराने आठवणींत वर्णिलेल्या घडियालाशी. दोन बोटे जाडीची पितळी तबकडी उंचावर टांगून घटकेघटकेला ठोकत. बुडाला भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की २४ मिनिटांची एक घटका झाली. (आजीच्या लग्नाचा मुहूर्त असाच साधला होता म्हणे.) रात्री जाग आलेल्याला नुसत्या घटकेच्या टोलांवरून प्रहर कळेना, म्हणून पाठोपाठ प्रहराचे टोलही द्यायला बाबराने लावले.

आमच्या शिपाईमामांना हे कुणी सांगावे लागले नाही. तिसऱ्या तासाला तीन टोल, चौथ्याला चार. उशिरा आलेल्याला फाटकातच कळायचे आपले काय बुडाले ते. शाळा सुटताना मात्र मोजदाद नाही, नुसती घणघण. गणिताच्या तासाला टोल मुद्दाम उशिरा पडतो, असा आमच्या वर्गाचा ठाम समज होता.

ध्वनी शिकवताना विज्ञानाच्या सरांनी अख्खा वर्ग व्हरांड्यात आणला. मामांनी टोल दिला आणि आम्ही एकेकाने तबकडीला बोट टेकवले. झिणझिण्या थेट कोपरापर्यंत! मग सरांनी तळहात दाबला आणि आवाज जागच्या जागी बसला. कंपन म्हणजे काय, हे मला पुन्हा पाठ करावे लागले नाही.

आता विजेची बेल आहे. ती वेळ पाळते, तक्रार नाही.

दहावीच्या निरोपाचे फोटो व्हरांड्याच्या पायऱ्यांवरच काढत. मागच्या रांगेच्या डोक्यावर, खांबाजवळ, ती तबकडी आलेली असू शकते. कुणाकडे असा फोटो असेल तर कार्यालयात आणून द्यावा. स्मरणिका छापून झाली असली तरी शाळेच्या संग्रहासाठी तो हवाच आहे. स्कॅन करून लगेच परत देऊ. आणि फोटोत मामा दिसत असतील, तर आधी मला फोन करा.