पेसाहच्या आठवड्यातलं आमचं जोडवाचन

पेसाह म्हणजे वल्हांडणाचा सण, आणि त्याचे मधले दिवस म्हणजे होल हामोएद. या दिवसांत सगळा इस्रायल सहलीला बाहेर पडतो, गालीलच्या वाटेवर गाड्या हलत नाहीत, आणि आमच्या इथल्या मराठी ज्यूंच्या मंडळाचं वार्षिक संमेलन नेमकं तेव्हाच असतं. तारीख बदला, असं दर वर्षी कुणी ना कुणी सुचवतंच. पण शीर हाशिरीम, म्हणजे मराठी बायबलातलं 'गीतरत्न', वाचायचा काळ हाच आहे. पाच पुस्तकांना पाच दिवस ठरलेले आहेत: रूथ शावुओथला, एखा (विलापगीत) तिशा बेआवला, कोहेलेत (उपदेशक) सुक्कोथला, एस्तेर पुरीमला आणि शीर हाशिरीम पेसाहला. हे प्रेमगीत. दुसऱ्या अध्यायात प्रियकर प्रेयसीला बाहेर बोलावतो तेव्हा हिवाळा सरलेला असतो, पाऊस थांबलेला असतो, अंजिराला हिरवी फळं धरलेली असतात. आफ्रिकेतून परतलेल्या होल्याचा आवाजही या दिवसांत खरंच ऐकू येतो. लोकांची सवड बघून ते ऑगस्टमध्ये वाचायचं, तर मग वाचायचंच कशाला?

स्वागत, अहवाल, हिशेब, पंच्याहत्तरी गाठलेल्यांना शाल, मातनासच्या, म्हणजे वस्तीच्या समाजकेंद्राच्या, पाहुण्यांचे हिब्रूतले दोन शब्द, त्यांचा मराठीत सारांश. हे सगळं चाळीस मिनिटांत उरकतं, उरकायलाच हवं. खुर्च्या ऐंशी मांडायच्या असा दंडक आहे आणि भरतात त्याच्या निम्म्या. अश्दोद आणि दिमोनाहून बस बदलत येणारी म्हातारी माणसं वेळेआधी हजर असतात. हॉलपासून चालत पाच मिनिटांवर राहणारे सरबताच्या वेळेला उगवतात. त्यांची नावं लिहीत नाही, त्यांना ती माहीत आहेत. नातवंडांना मराठी येत नाही हे खरं, पण हिब्रू तर येते ना? अर्धा कार्यक्रम हिब्रूतच असतो.

वाचनाची घडी बसायला बरीच वर्षं गेली, म्हणून ती नीट लिहून ठेवतो. आठ अध्याय, 117 वचनं. हिब्रूत सलग म्हटलं तर अर्ध्या तासात होतं. मराठीत आवाज वाटून वाचलं की पाऊण तास. आवाज तीन: ती, तो आणि यरुशलेमच्या मुली. निम्म्याहून जास्त ओळी तिच्या असल्यामुळे 'ती'साठी दोघी लागतात. एकीनं सगळं वाचलं तर सहाव्या अध्यायापर्यंत घसा बसतो, आणि खरा कस आठव्यात लागतो.

दोघींची अदलाबदल कुठे करायची, यावर मात्र फार घोळ झाला. चौथ्या अध्यायाच्या शेवटी ती म्हणते, माझ्या प्रियानं आपल्या बागेत यावं. पाचव्याच्या पहिल्याच वचनात तो म्हणतो, आलो मी माझ्या बागेत. अध्याय मूळ काव्यात नव्हते, ते मध्ययुगात पाडले गेले, आणि ही रेघ नेमकी हाक आणि ओ यांच्यामधून गेली आहे. तिथे वाचक उठली, खुर्ची सरकली, कुणी कौतुकानं टाळी वाजवली, की उत्तर हरवलंच. म्हणून अदलाबदल 5:1 नंतर. 'मी झोपले आहे पण माझं मन जागं आहे' इथून दुसरीनं सुरू करायचं.

सातव्या अध्यायात वेगळाच गोंधळ. हिब्रू प्रतीत सहाव्याला 12 वचनं आणि सातव्याला 14. मराठी प्रतीत 13 आणि 13. त्यामुळे एकजण हिब्रू आणि दुसरा मराठी धरून बसला की आख्खा अध्याय एका वचनानं मागेपुढे होतो. उपाय सोपा: आकडे पुकारायचेच नाहीत, पहिले शब्द पुकारायचे. आणि 8:5 मधलं 'सफरचंदाच्या झाडाखाली मी तुला जागं केलं' हे वाक्य पुरुष वाचकानं उचलायचं नाही. मराठीत 'तुला' दोघांनाही चालतं, म्हणून तो उचलतो. हिब्रूतल्या स्वरचिन्हांप्रमाणे बोलणं पुरुषाला उद्देशून आहे, म्हणजे ते तिचं.

प्रतींवर आधी रंग असायचे, तिच्या ओळी लाल, त्याच्या निळ्या. झेरॉक्स काळीपांढरी निघाली आणि तो आणि ती एक झाले. तेव्हापासून समासात 'ती', 'तो', 'मुली' असं लिहितो, अक्षर सोळाचं.

हे झालं मुख्य वाचन. खरं सांगायचं तर माझा जीव त्यानंतरच्या जोडवाचनात असतो. शीर हाशिरीममधला एक उतारा आणि मिशले, म्हणजे नीतिसूत्रे, किंवा कोहेलेतमधला एक. दोन वाचक शेजारी शेजारी उभे राहतात. आधी प्रस्तावना नाही, मध्ये भाष्य नाही. नंतर पाचच मिनिटं बोलायचं. प्रस्तावनेला बंदी आहे कारण जाणकार माणूस एकदा सुरू झाला की श्रोत्यांना आपण होऊन काही सापडायची सोय राहत नाही. काही जोड्या साध्या, हलक्या असतात. कोहेलेत 9:9, आवडत्या बायकोबरोबर आयुष्याचं सुख घे, हे शेवटी पुरतं. मिशले 30 मधलं आकाशातल्या गरुडाच्या, खडकावरच्या सापाच्या, समुद्रातल्या जहाजाच्या आणि तरुणीशी पुरुषाच्या वाटेचं कोडं तरुण मंडळींना देतो. कोडं छोटं आहे, चुकायला वाव कमी.

पण एक जोडी दर वर्षी ठेवावीच लागते. पहिल्या बाजूला शीर हाशिरीम 4:12 ते 14: कुलूपबंद बाग, शिक्का मारलेला झरा, आणि त्या बागेतल्या सुगंधांची यादी. जटामांसी, केशर, वाळ्यासारखं सुगंधी गवत, दालचिनी, ऊद, बोळ, अगर. दुसऱ्या बाजूला मिशले 7:16 ते 18. तिथे बोलते ती परकी बाई, जिच्यापासून बाप मुलाला सावध करतो. ती सांगते, मी पलंगावर रंगीत चादरी घातल्या आहेत, बिछान्यावर बोळ, अगर आणि दालचिनी शिंपडली आहे, चल, सकाळपर्यंत प्रेमानं तृप्त होऊ.

हा दुसरा उतारा दिमोनाच्या आमच्या आजी वाचतात. त्यांची रीत बघण्यासारखी आहे. इतर लोक हा भाग कीर्तनकारासारखा बोट नाचवत वाचतात, म्हणजे ऐकणाऱ्याला पहिल्या शब्दालाच कळतं की बाई वाईट आहे. आजी चष्मा कपाळावर सरकवतात, कागद खाली करतात आणि शेजारणीला घरी बोलवावं तितक्या सहज आवाजात बोलतात. बोळ, अगर, दालचिनी. तीनही सुगंध मिनिटभरापूर्वी दुसऱ्या तोंडून, प्रेयसीच्या बागेत ऐकलेले असतात. दर वर्षी त्या ठिकाणी कुणीतरी कागदावर मागे जाऊन बघतं.

यातून मला जे कळलं ते असं. मिशले रचणाऱ्या गुरूंना प्रेमगीतं ठाऊक होती, आवडतही असावीत. मुलाला घाबरवायचं तर मोहिनीला त्यांनी प्रेयसीचेच सुगंध दिले. मुलाला होख्माकडे, ज्ञानाकडे ओढायचं तर तिलाही प्रेयसीचीच भाषा दिली: 'ज्ञानाला म्हण, तू माझी बहीण आहेस', मिशले 7:4. शीर हाशिरीममधला प्रियकर 'माझी बहीण, माझी वधू' म्हणतो, आणि त्याआधी कित्येक शतकं इजिप्तच्या प्रेमगीतांत, चेस्टर बीटी पपायरसमध्ये, प्रेमिक एकमेकांना बहीण-भाऊ म्हणतात. मिशलेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानाला मिठीही मारायला सांगितली आहे.

रस्तेसुद्धा तेच. प्रेयसी रात्री शहरातल्या गल्ल्यांत आणि चौकांत त्याला शोधते (3:2). परकी बाई कधी रस्त्यात, कधी चौकात (मिशले 7:12). आणि पहिल्याच अध्यायात होख्मा त्याच चौकांत उभी राहून ओरडते. म्हणून या जोडीला आम्ही तिसरी वाचक जोडली. ती हॉलच्या मागच्या दारापाशी, पाठमोऱ्या श्रोत्यांच्या मागे उभी राहते. आधी प्रेयसी वाचते, 5:6: मी त्याला शोधलं, तो सापडला नाही, हाक मारली, त्यानं ओ दिली नाही. मग मागून होख्मा, मिशले 1:28: मग ते मला हाका मारतील, मी ओ देणार नाही, शोधतील, मी सापडणार नाही. माना वळतात. एका ठिकाणी विरह, दुसऱ्या ठिकाणी शिक्षा, शब्द जवळजवळ तेच. मला दर वर्षी इथे गलबलून येतं आणि त्याबद्दल थट्टाही होते.

समारोपाची जोडी ठरलेली. प्रेम मृत्यूइतकं बळकट आहे, पुष्कळ पाण्यांनाही ते विझवता येत नाही. कुणी प्रेमासाठी घरातली सगळी संपत्ती दिली तरी त्याची हेटाळणीच होईल (8:6-7). सगळ्या काव्यात प्रेमाबद्दल असं सर्वसाधारण विधान एवढंच. बाकी सगळं 'माझा', 'माझी'. म्हणूनच हे सुभाषितासारखं वाटतं. मग मिशले 6:30-31: भुकेपोटी चोरी केली तर लोक चोराची हेटाळणी करत नाहीत, पण सापडला तर सातपट, घरातली सगळी संपत्ती द्यावी लागते. हेटाळणी आणि घरची संपत्ती दोन्हीकडे. चोराचं देणं फिटतं, प्रेमाचा सौदाच होत नाही. 8:6 च्या शेवटच्या शब्दातला 'या' हा देवाच्या नावाचा अंश की ज्वाळेचा जोर दाखवणारा प्रत्यय, यावर आमच्याकडे वाद होतो आणि पाच मिनिटांचा नियम तिथे मोडतो.

या पुस्तकात याखेरीज देवाचं नाव नाही, मग हे पवित्र कसं, असा प्रश्न नवा माणूस विचारतोच. मिश्नामध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, यादायीम 3:5, हाच वाद शीर हाशिरीम आणि कोहेलेत या दोघांवर एकत्र चालला आहे. रब्बी अकिवा म्हणतात, सगळी शास्त्रं पवित्र, पण शीर हाशिरीम परमपवित्र. 'अवोत द रब्बी नाथान' या रब्बींच्या जुन्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात तर मिशले, शीर हाशिरीम आणि कोहेलेत ही तिन्ही एके काळी बाजूला ठेवली होती असं सांगून मिशलेचा सातवा अध्याय आणि 'चल प्रिया, शेतात जाऊ' हे वचन शेजारी शेजारी दिलं आहे. म्हणजे आमचं जोडवाचन फार जुन्या वाटेवरचं. मंडळातल्या ज्येष्ठांचं उत्तर मात्र मिद्राशमधलं, म्हणजे शास्त्रावरच्या रब्बींच्या जुन्या टीकेतलं: शलोमोनं (शलमोन राजानं) तारुण्यात प्रेमगीत, प्रौढपणी मिशले, म्हातारपणी कोहेलेत रचलं. ऐकायला गोड आहे, भांडत नाही.

वाचनाला हार्मोनियम हवी की नको, हा वादही त्याच अकिवांनी मिटवला. मेजवानीच्या घरात जो हे गीत ताना घेऊन साधं गाणं करून गाईल त्याला येणाऱ्या जगात वाटा नाही, असं ते तोसेफ्तात, म्हणजे मिश्नाच्या जोडग्रंथात, म्हणतात. आपल्या बेने इस्रायल लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तनाखच्या, म्हणजे हिब्रू बायबलच्या, कथांवर मराठी कीर्तनं केली, ती परंपरा मोठी आहे. पण चौथ्या अध्यायातल्या केस-दात-गळ्याच्या वर्णनाला लावणीची चाल लावायची सूचना आली तेव्हा आम्ही नाही म्हटलं. पेटी येते, पण 117 वचनं संपल्यावर.

आता आभार. नावं छापू नका असं मंडळींनीच बजावलं आहे, तरी कुणी राहायला नको. किल्ली आणणारे आणि दिवे बंद करून शेवटी जाणारे रामल्याचे काका. खुर्च्या मांडणारी तीन मुलं (चौथा फक्त फोटोत आहे). हिब्रू उच्चार तपासणारे निवृत्त मास्तर. समासातली खूण ज्यांच्या डोक्यातून आली त्या ताई. दिमोनाच्या आजींना बसथांब्यावरून आणणारा त्यांचा नातू. पेटीवाले. मात्साचे (पेसाहच्या बेखमीर भाकरीचे) खोके उचलणारे दोघं भाऊ. मनुकांचं सरबत करणाऱ्या मावशी आणि त्यांच्या सूनबाई: वाटीभर काळ्या मनुकांना चार वाट्या पाणी, रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी कुस्करून पातळ फडक्यातून दोनदा गाळायचं. एका वर्षी उकाड्यात भांडं ओट्यावरच राहिलं, वर फेस आला आणि बिया-सालींसकट ओतून द्यावं लागलं, तेव्हापासून फ्रीज. मागच्या दारापाशी उभी राहून होख्मा वाचणारी मुलगी, जिच्या आईला वाटतं तिला पुढे उभं करायला हवं होतं. नाही, मागेच. आणि हॉल पुसणारी बाई, जिला आभाराच्या यादीत घ्यायचं आम्ही सलग विसरत होतो.

पुढच्या पेसाहला 'ती'च्या दुसऱ्या अर्ध्यासाठी वाचक हवी आहे. आठव्या अध्यायापर्यंत आवाज टिकला पाहिजे आणि हिब्रू अक्षरं सरावाची हवीत. पुरीमच्या आत कळवा. नंतर कळवलंत तर यरुशलेमच्या मुलींमध्ये जागा देऊ.